आईने माळ उतरवून ठेवली आहे. 'अर्थ शोधा' म्हणणारं संशोधन नक्की काय सांगतं?

नीरेकाठ

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आमचं गाव फलटण तालुक्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेवरून हाकेच्या अंतरावर. घरात वारी आजोबांच्याही आधीपासूनची. गेल्या गळीत हंगामात माझा मोठा भाऊ रात्री मोटरसायकलवरून घरी येत होता. ऊस भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागे ना दिवा ना लाल पट्टी. दादा जागेवर गेला. वहिनी आहे, पाचवीतला मुलगा आहे.

तेराव्यानंतर आईने गळ्यातली तुळशीची माळ काढली आणि तांदळाच्या डब्यात ठेवली. टाकून दिली नाही, देव्हाऱ्यातही ठेवली नाही. वहिनीने एकदा उचलून देवापाशी नेली, तर संध्याकाळी परत डब्यात. एकादशी सोडली, हरिपाठ बंद. देव्हाऱ्यासमोर मात्र रोज बसते आणि जे बोलते ते ऐकवत नाही. "अठ्ठावीस युगं कमरेवर हात ठेवून उभा आहेस, एक हात जरा खाली घेतला असतास तर झिजला असता होय?" हे त्यातलं त्यातल्या त्यात सौम्य.

भावकीतली माणसं येतात आणि समजावतात. चुलत्यांचं म्हणणं, मागच्या जन्मीचं देणं होतं, फिटलं. आई लगेच, "कुणाचं देणं? त्या पाचवीतल्या पोराचं का?" मामीला भीती की देवाला असं बोलल्यावर अजून काहीतरी ओढवेल. मी तिला पुण्याला आणून एका समुपदेशकांकडे नेलं. त्यांनी वही दिली आणि 'या घटनेने मला काय शिकवलं' ते रोज थोडं लिहायला सांगितलं. आई त्या वहीत आता दुधाचा हिशेब लिहिते.

मावसबहिणीची मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करते. तिने मला अमेरिकेतल्या क्रिस्टल पार्क या प्राध्यापकबाईंच्या संशोधनाबद्दल पाठवलं. संकटातून अर्थ लावता आला की माणूस सावरतो, असं मला त्यातून समजलं. त्याच्याच खाली आणखी एकाचा उल्लेख होता, की देवाशी ज्यांचं बिनसलेलं असतं ते रुग्ण लवकर दगावतात. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. मामीच्या हाती लागलं तर संपलंच.

तर विचारायचं असं: हे खरंच असं आहे का? आईला अर्थ शोधायला लावावं का? आणि आषाढीला आमच्याकडे दरवर्षी एक दिंडी दुपारच्या पिठलं-भाकरीला थांबते. यंदा त्यांना काय कळवू?

---

माऊलीचरणी

ताई, वाचून वाईट वाटलं. काळ हेच औषध. आईंना नामस्मरण सोडू देऊ नका, सगळं तिथूनच सुटतं. माळ परत घालायला लावा, फार दिवस तशी ठेवू नये. राम कृष्ण हरी.

---

वॉर्डातली

मी एका कॅन्सर रुग्णालयात समुपदेशक आहे. ज्यांची नावं तुमच्या भाचीने पाठवली ते लोक आमच्या रोजच्या कामातले, म्हणून सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

आधी त्या वहीबद्दल. दुधाचा हिशेब लिहिणारी बाई मला आवडली. जिला दूध किती आलं, पैसे किती द्यायचे हे अजून महत्त्वाचं वाटतं, तिच्याबद्दल मला कमी काळजी वाटते. आणि मुलाला जाऊन काही महिने झालेल्या आईला 'यातून काय शिकलात' विचारणं मला स्वतःला पटत नाही. पार्कबाईंचं जे लेखन मी वाचलंय त्यात असा गृहपाठ द्या असं कुठे म्हटलेलं मला आढळलं नाही.

क्रिस्टल पार्क कनेक्टिकट विद्यापीठात आहेत. १९९७ साली त्यांनी सुझन फोकमन यांच्याबरोबर एक लेख लिहिला, तिथून ही मांडणी सुरू होते. फोकमनबाईंचं त्या काळातलं काम समजून घेण्यासारखं आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एड्सने मरत चाललेल्या जोडीदारांची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषांच्या त्या मुलाखती घेत होत्या. तेव्हा त्या रोगावर धड औषध नव्हतं. मुलाखतीत सगळे प्रश्न त्रासाचेच. त्या माणसांनीच तक्रार केली की तुम्ही आम्हाला फक्त वाईट काय झालं ते विचारता, दिवस कशाच्या आधारावर निघाला ते विचारतच नाही. मग प्रश्नावलीत तो प्रश्न आला. उत्तरं अगदी साधी होती, कुणीतरी केलेलं कौतुक, नीट जमलेला स्वयंपाक, असली. दुःखाच्या ऐन मध्यावर ही माणसं बऱ्या क्षणांना धरून होती, आणि दुःखही तेवढंच होतं. एकाने दुसऱ्याला ढकललं नव्हतं.

आता पार्कबाईंचं मुख्य म्हणणं. प्रत्येकाच्या डोक्यात जगाबद्दलचं एक चित्र असतं: जग कसं चालतं, आपल्याला काय हवंय, कशासाठी जगतोय. ते आपण कधी बोलून दाखवत नाही, कारण तशी गरजच पडत नाही. मग एखादी घटना घडते आणि तिचा आपण जो अर्थ लावतो तो त्या चित्रात बसत नाही. जेवढी फट मोठी तेवढा त्रास मोठा. तुमच्या आईंचं चित्र असं असावं: पांडुरंग माउली आहे, आपण त्याचं केलं, तो आपलं बघेल. आणि घटना म्हणजे ती ट्रॉली.

ही फट दोन बाजूंनी बुजते. एक तर घटनेकडे बघण्याची तऱ्हा बदलते, नाहीतर चित्रच बदलावं लागतं. तुमचे चुलते पहिल्या बाजूने प्रयत्न करताहेत. मागच्या जन्मीचं देणं म्हटलं की चित्राला धक्का लागत नाही, हिशेब जुळतो. अनेकांना त्याने खरंच आधार मिळतो, मी रोज बघते, त्याची टिंगल करणार नाही. पण तो आधार ज्याचा त्याने घ्यायचा असतो. दुसऱ्याने हातात कोंबला की तुमच्या आईंनी जे उत्तर दिलं तेच मिळतं. आणि उत्तर बिनतोड आहे.

महत्त्वाचं पुढे आहे. पार्कबाई अर्थ शोधत राहणं आणि अर्थ सापडणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला लावतात. २०१० साली त्यांनी तोपर्यंतच्या या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. त्यात त्यांनीच दाखवून दिलं की निष्कर्ष बरेच संमिश्र आहेत. ज्यांना काहीतरी सापडलं त्यांचं बरं चाललेलं दिसतं. जे शोधतच राहिले आणि हाती काही लागलं नाही, त्यांच्यात शोध आणि त्रास हातात हात घालून चालतात. रात्री तीन वाजता छताकडे बघत 'असं का' विचारत राहणं हाही शोधच. म्हणून 'शोधा म्हणजे सावराल' हे वाक्य त्या संशोधनातून निघत नाही. तुमच्या भाचीने पाठवलेला सारांश कुणीतरी फार घाईत केलेला दिसतो.

तुमच्या घरच्या प्रसंगाला जास्त जवळचा अभ्यास २००० सालचा आहे. डेव्हिस, वॉर्टमन, लेहमन आणि सिल्व्हर या चौघांचा. झोपेत अचानक दगावलेल्या तान्ह्या बाळांचे आईबाप, आणि वाहन अपघातात नवरा, बायको किंवा मूल गमावलेले लोक, अशा दोन गटांशी ते बोलले. काही जणांनी अर्थ शोधलाच नव्हता आणि ते बऱ्यापैकी सावरलेले होते. ज्यांनी शोधला त्यांच्यातल्या अनेकांना वर्ष उलटल्यावरही सापडला नव्हता, एकूणात सापडलेले निम्म्याहून कमी. आणि ज्यांना सापडला त्यांचंही 'चला, झालं' असं नव्हतं, प्रश्न परत परत येतच होता. अचानक आलेला, तरण्या माणसाचा, दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने आलेला मृत्यू कुठल्याच चित्रात नीट बसत नाही. तो बसवून दाखवा म्हणून आईच्या मागे लागू नका.

आता ज्याने पोटात गोळा आला ते. ते काम केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांचं, २००१ सालचं. हे गृहस्थ ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठातले. धर्माचा आधार घेऊन माणसं संकटाला कशी तोंड देतात यावर त्यांनी आयुष्य घालवलं. अभ्यासात रुग्णालयात दाखल झालेले, पंचावन्नच्या वरचे ५९६ रुग्ण होते, दोन वर्षं पाठपुरावा. 'देवाने मला टाकलं की काय' असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी जास्त, देवाच्या प्रेमाबद्दल शंका आलेल्यांमध्ये २२, आणि 'हे सैतानाने केलं' म्हणणाऱ्यांमध्ये १९ टक्क्यांनी. आजार किती गंभीर, मन किती खचलेलं, हे हिशेबात धरूनसुद्धा.

आकडे ऐकायला भयंकर वाटतात, म्हणून तीन गोष्टी सांगते. ही माणसं आधीच आजारी, वयस्क, अमेरिकेतली आणि बहुतेक ख्रिस्ती. २८ टक्के म्हणजे शंभरातली अठ्ठावीस माणसं गेली असं नाही, बाकीच्यांच्या तुलनेत जास्त एवढंच. आणि २००४ मध्ये त्याच रुग्णांचा जो पुढचा अभ्यास आला त्यात वाईट परिणाम मुख्यतः दिसले ते सुरुवातीलाही आणि दोन वर्षांनंतरही देवाशी त्याच झगड्यात अडकून राहिलेल्यांमध्ये. ज्यांचा झगडा तात्पुरता होता त्यांच्यात तसं दिसलं नाही. देवावर रागावलं की माणूस मरतं असं यातलं कुणीही म्हणत नाही. मामींना सांगायला हरकत नाही.

पार्गामेंट यांची छोटी प्रश्नावली चौदा वाक्यांची आहे, सात आधार देणारी आणि सात टोचणारी. आमच्याकडे एका प्रकल्पासाठी ती मराठीत भरून घेत होतो. जतकडचे एक आजोबा, केमोच्या खुर्चीत, हाताला सुई. मी विचारलं, "देवाने मला टाकलंय असं वाटतं का? अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप?" आजोबा म्हणाले, "टाकलं कुठं? यष्टीत बसवून हितवर आणलं की." मी 'अजिबात नाही' वर खूण करणार तेवढ्यात, "पर बोलत न्हाई मी त्याच्याशी. लई दिवस झालं." आता हे कुठल्या चौकटीत बसवायचं? मी पेन तसंच धरून बसले. शेजारच्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या, "बोलत नाही म्हणजे हाय की घरात." त्या सगळ्या प्रकल्पात मला सर्वात जास्त शिकवलं ते त्या बाईंनी, आणि त्या आमच्या यादीत नव्हत्याच.

आपल्याकडे सैतानाच्या वाक्यावर लोक बुचकळ्यात पडतात आणि मग हळूच करणीबद्दल बोलायला लागतात. हे त्या मंडळींच्याही लक्षात आलेलं आहे. नलिनी ताराकेश्वर यांनी पार्गामेंट आणि अॅनेट महोनी यांच्याबरोबर २००३ मध्ये अमेरिकेतल्या हिंदूंशी आधी मुलाखती करून मग वेगळी मोजपट्टी बनवली. तिच्यात तीन गट निघाले: देवाकडे वळणं, आध्यात्मिक साधनेकडे वळणं, आणि तिसरा अपराधीपणा, राग आणि हात टेकून बसणं यांचा. राग तिथेही त्रासाच्याच गटात आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण माझं मत विचाराल तर रोज देव्हाऱ्यासमोर बसून विठोबाला जाब विचारणारी वारकरी बाई आणि 'देवाने मला टाकलं' म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस यांना एकाच खणात घालणं मला जमणार नाही.

उद्या कदाचित आई परत माळ घालतील. कदाचित कधीच घालणार नाहीत आणि देवाशिवाय जगायला शिकतील. मघाशी सांगितलेली चित्र बदलण्याची बाजू हीच. पार्कबाईंच्या मांडणीत हासुद्धा सापडलेला अर्थच आहे. तुम्हाला आणि मामींना तो न आवडो.

लक्ष कशावर ठेवायचं: झोप, जेवण, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत का, नातवाशी बोलतात का, 'मलाही ने' असं म्हणतात का आणि किती गांभीर्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतरही दुःखाने रोजचं जगणं ठप्प झालेलं असेल, आणि ते आपल्या समाजाच्या रीतीहून फार जास्त असेल, तर उपचार लागतो असं धरतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत हीच मुदत वर्षाची आहे. दुधाचा हिशेब चालू आहे म्हणजे ठप्प नाही. तरी रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं, वहिनींनाही देऊन ठेवा. त्यांचं कुणी विचारलंय का? पूर्ण धाग्यात त्यांच्याबद्दल दीड ओळ आहे.

---

कोरडवाहू

वॉर्डातली यांचा प्रतिसाद वाचनीय, नेहमीप्रमाणे. पण मला मूळ धाग्यातली एकच ओळ टोचतेय: 'मागे ना दिवा ना लाल पट्टी.'

अमेरिकेतल्या बायका-बाप्यांनी अर्थाचे आलेख काढले, मामींनी देवाचा कोप काढला, चुलत्यांनी मागचा जन्म काढला. ट्रॉलीवाला कुणीच काढला नाही. आमच्याकडे दर हंगामात हेच. दोन ट्रॉल्या जोडायच्या, कमानीसारखा ऊस भरायचा, बेअरिंग गेलं की आहे तिथेच सोडायची, मागे चार दगड लावायचे. माणूस गेला की दगड तिथेच, ट्रॉली पुढे. यात अर्थबिर्थ काही नाही, यात पन्नास रुपयांची परावर्तक पट्टी नाही.

वारकऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण माझा अनुभव असा की 'नशिबात होतं' या वाक्याचा सगळ्यात मोठा फायदा ज्याची चूक त्यालाच होतो. मानसशास्त्रज्ञ हे मोजतात का?

आणि ताई, कामाचं: मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा लावलाय का? २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. थंडीतली घटना म्हणजे मुदत गळ्याशी आलीय किंवा उलटून गेलीय. त्या मुदतीवरून कोर्टात वाद चालू आहेत, त्यामुळे उलटली असली तरी हातपाय गाळू नका, पण उद्याच्या उद्या वकील गाठा. वहिनी आणि मुलगा आहेत, हा त्यांचा पैसा आहे.

---

वॉर्डातली

मोजतात की! १९७७ चा एक जुना अभ्यास आहे, बुलमन आणि वॉर्टमन यांचा. अपघातात पाठीचा कणा जाऊन लुळे पडलेले २९ जण, बहुतेक तरुण पोरं. 'मीच का' हा प्रश्न त्यांनी स्वतःला घातलेला होता आणि उत्तरंही होती: देवाची इच्छा, योगायोग, माझ्या लायकीचं होतं, वगैरे. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या मते जे दुसऱ्याला दोष देत होते ते सावरण्यात मागे होते, आणि जे स्वतःला दोष देत होते ते पुढे. तेव्हा अनेकांना धक्का बसला होता.

पण हा अभ्यास दाखवून कुणी तुम्हाला 'ट्रॉलीवाल्याला माफ करा, बरं वाटेल' म्हणालं तर त्याला हाकला. नमुना २९ जणांचा. शिवाय मनात दोष धुमसत ठेवणं आणि दावा लावणं यात फरक आहे. दावा लावणाऱ्या बाया मी पाहिल्यात. त्यांना दर तारखेला तालुक्याला जायचं असतं, कागद सांभाळायचे असतात, आणि त्यातून त्या उभ्या राहतात. सगळ्याच राहतात असं नाही. काहींना तारखांनी पिळून काढलं. नशिबाच्या वाक्याचा फायदा कुणाला होतो याबद्दल मात्र मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

---

पताका

मी दिंडीत विण्यामागे चालतो, वडलांनंतर माझ्याकडे आलं. मोठं मोठं काय कळत नाही, वाचलं सगळं मात्र.

माळेचं सांगतो. आमच्यात माळ तुटली तर परत ओवून गळ्यात घालेस्तोवर अन्न घेत नाहीत. आई जर माळ काढून जेवत असतील तर त्यांनी काय केलंय हे त्यांना चांगलं माहीत आहे. रागाच्या भरात केलेलं नव्हे ते. म्हणून 'माळ घाला माळ घाला' कुणी म्हणू नये. माऊलीचरणी यांना वाईट वाटू देऊ नका, पण घालायला लावलेली माळ ही माळ नव्हे.

दुसरं, देवाशी भांडायचं म्हणाल तर आपल्या संतांनी त्याला काय काय म्हटलंय ते कीर्तनात दर साली ऐकतो. चोर म्हटलंय, निष्ठुर म्हटलंय, दिवाळखोर म्हटलंय. कुणी संतांना पाप लागलं म्हणत नाही. मामींना एवढं सांगा.

आमच्या दिंडीत एक जण होता. पोरगी विहिरीत गेली त्याची. पुढल्या साली आला तर कपाळाला बुक्का नाही, टाळ नाही. मी विचारलं नाही. सगळी वाट पाण्याच्या टँकरवर बसून आला, पंढरपुरात आत गेला नाही, नामदेव पायरीपाशीच बाहेर बसून राहिला. असं दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी आलाच नाही, नंतर कधीच नाही. गावाकडं शेती करतो, बरं चाललंय. फोन करतो आषाढीला, पाऊस किती विचारतो. मी 'ये' म्हणत नाही.

पिठल्याचं: दिंडीच्या विणेकऱ्याला फोन करा, आत्ताच, ऐनवेळी नको. खरं काय ते सांगा. तरडगावच्या मुक्कामानंतर आमच्यातल्या निम्म्यांच्या पायाला फोड असतात, कोण स्वयंपाकाला बसलंय न कोण नाही, इकडं कुणाचं ध्यान नसतं. शेजारच्या घरी पंगत बसवा म्हणावं. आणि आईंना विचारा. परस्पर रद्द करू नका. घर त्यांचं आहे.

---

नीरेकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देते.

वॉर्डातली, तुमचा शेवटचा प्रश्न लागला. वहिनीचं कुणी विचारलं नाही हे खरं आहे, मीसुद्धा. सगळं घर आईच्या माळेभोवती फिरतंय. काल रात्री वहिनीला फोन केला, निव्वळ तिच्यासाठी म्हणून. आधी 'बरंय' म्हणाली. मग बराच वेळ बोलली. तिला झोप नाही, आणि तिची गोष्ट आईच्या उलट आहे. ती लपून उपास करतेय, सोमवार, गुरुवार, शनिवार, मुलाला काही होऊ नये म्हणून. आईसमोर करता येत नाही, म्हणून जेवले असं खोटं सांगते. वजन उतरलंय. हे तुमच्या त्या चौदा वाक्यांत कुठे बसतं माहीत नाही, पण १४४१६ तिला दिला आहे. पुढच्या आठवड्यात मी गावी जाऊन तिला डॉक्टरांना दाखवते. चुलत्यांनी ठरवलेलं पारायण पुढे ढकलायला सांगितलंय. ते रागावलेत, रागावू देत.

पताका, विणेकरी काकांना फोन केला. ते म्हणाले, "आम्ही येणार. जेवायला नाही तर पाणी प्यायला." मग आईला विचारलं. तिने सरळ उत्तर दिलं नाही, पण बेसन किती आहे ते वहिनीला बघायला लावलं. मी त्यातून काही अर्थ काढत नाहीये. तुमच्याकडून एवढं तरी शिकले.

कोरडवाहू, दावा लावलेला नाही. चुलते म्हणाले होते की ट्रॉलीवाला भावकीतल्याच कुणाचा तरी मेव्हणा आहे, कशाला वाढवायचं. आता कळतंय मागच्या जन्मीचं देणं कुठून आलं. मुदतीला थोडेच दिवस उरलेत. फलटणला ओळखीचं कुणी नाही. कागद काय काय लागतील?

---

कोरडवाहू

एफआयआर आणि घटनास्थळ पंचनामा यांच्या प्रमाणित प्रती, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, दोन्ही वाहनांचे नोंदणी आणि विम्याचे कागद (ट्रॉली बऱ्याचदा बिनविम्याची असते, ट्रॅक्टरचा विमा बघा, तो महत्त्वाचा), भावाचा परवाना, उत्पन्नाचा पुरावा, वहिनी-मुलाचे आधार, आई अवलंबून होत्या म्हणून त्यांचाही. पोलिसांनी न्यायाधिकरणाला अपघाताचा अहवाल पाठवलाय का तेही ठाण्यात विचारा, त्याची प्रत मागा. पंचनाम्यात 'मागे परावर्तक नव्हता' असं शब्दांत लिहिलंय का ते आधी बघा. लिहिलं नसेल तर त्या रात्री तिथे आलेल्यांपैकी कुणाच्या मोबाइलमध्ये फोटो असणार, ते आजच मागून घ्या, लोक जागा भरली की पुसतात.

दावा तुम्ही राहता तिथेही लावता येतो. वहिनी गावी असल्या तरी वकिलाला विचारून ठरवा, सगळ्या तारखांना भावकीच्या डोळ्यांसमोरून जायची गरज नाही. बाकी व्यक्तिगत निरोपात कळवतो.